बदली शिक्षकासाठी चित्रकलेचा तास: आयती पिशवी, एका पानाचं टाचण आणि काही सोपे पाठ

गोव्यातल्या मराठी प्राथमिक शाळांत नव्याने रुजू झालेल्यांसाठी हे लिहिते आहे. आजारपण, प्रशिक्षण, निवडणुकीचं काम, घरचं कार्य, काही ना काही कारणाने वर्षभरात वर्ग दुसऱ्याच्या हाती सोपवावा लागतोच. मराठी आणि गणिताची व्यवस्था फोनवरही होते, कारण पुस्तक मुलांच्या दप्तरात असतं. पान नंबर सांगितला की झालं. चित्रकलेचा तास मात्र वाऱ्यावर जातो. आलेल्या बाई किंवा सर म्हणतात, "तुम्हाला आवडेल ते काढा." मग वर्गभर तेच दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, वाकडी नदी, काठावर घर. आपल्याकडे त्यात एक माड वाढतो. दहा मिनिटांत चित्र संपतं आणि उरलेला तास तांबड्या खडूवरून भांडणात जातो.

मी बदली म्हणून बऱ्याच वर्गांत उभी राहिले आहे आणि आता माझा स्वतःचा वर्ग आहे. दोन्ही बाजूंनी बघितल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: येणाऱ्या माणसाला चित्र काढता येतं की नाही, यावर हा तास अवलंबून ठेवूच नये. सामान, सूचना आणि तासाचा शेवट, तिन्ही आपण आधीच बांधून ठेवायचं. येणाऱ्याने फक्त पिशवी उघडायची. मुलांना वर्गात मिळणारा चित्रकलेचा वेळ मुळातच थोडा असतो. आपण रजेवर आहोत म्हणून तो त्यांच्या हातून जाऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

१. आधी वर्गाकडे बघा

पाठ शोधायला मोबाइल उघडण्याआधी तीन गोष्टी वहीत लिहून काढा.

पहिली, इयत्ता. आपल्या कितीतरी सरकारी प्राथमिक शाळांत पहिली ते चौथी एकाच खोलीत किंवा दोन खोल्यांत बसते. बदली शिक्षक आले नाहीत तर शेजारच्या वर्गाच्या बाई तुमची मुलं आपल्या वर्गात घेतात. म्हणजे जो पाठ फक्त तिसरीलाच जमेल, तो कामाचा नाही. पहिलीच्या मुलाला पूर्ण करता येईल आणि चौथीच्या मुलाला त्यात आणखी काही करता येईल, असा पाठ हवा.

दुसरी, वेळ. वेळापत्रकात तास पस्तीस मिनिटांचा असला तरी कागद वाटण्यात आणि आवरण्यात दहा-बारा मिनिटं जातात. हातात वीस मिनिटं उरतात, असं धरूनच चाला.

तिसरी, पाऊस. हे मी मुद्दाम वेगळं सांगते, कारण बाहेरच्या शिक्षकांनी केलेले पाठ इथे जून ते सप्टेंबर फसतात ते याच कारणाने. हवेत इतका दमटपणा असतो की जलरंग वाळत नाही, फेविकॉलने चिकटवलेलं तासाअखेर सरकतं, कागदाला लाट येते. खिडक्या लावलेल्या, वीज गेलेली, पंखा बंद. अशा दिवशी ओल्या रंगाचा पाठ नको. पावसाळ्यासाठी मेणखडू (क्रेयॉन), तैलखडू (ऑइल पेस्टल), घडीकाम आणि कागदाचं विणकाम. रंग-पाणी दिवाळीनंतर.

२. पाठ निवडताना काय तपासायचं

प्रत्येक पाठाला मी हे प्रश्न विचारते. सूचना चार वाक्यांत सांगता येतात का? फळ्यावर नमुना काढावा लागतो का? (लागत असेल तर पाठ बाद.) पाणी लागतं का? ज्या मुलाला "मला चित्र येत नाही" असं वाटतं, त्याच्याही कागदावर काहीतरी दिसण्यासारखं उतरतं का?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. "माझी सहल" सारखा विषय दिला की ज्यांचा हात चांगला आहे ती मुलं रमतात आणि बाकीची शेजाऱ्याच्या कागदात डोकावतात. याउलट पानांचा ठसा, विणकाम, घडी घालून कापलेला कागद यांत कृती बरोबर झाली की चित्र उमटतंच. मुलाचा धीर वाढतो आणि अनोळखी शिक्षकाला वर्ग सांभाळणं सोपं जातं. आपल्या मनातलं चित्र काढणंही मुलांना यायला हवंच, पण तो तास तुम्ही स्वतः वर्गात असताना घ्या. तिथे मुलांना ओळखणारं माणूस समोर लागतं.

३. पिशवीत काय ठेवायचं

पंचवीस मुलांच्या वर्गाचा हिशेब देते. तुमचा पट कमी असेल तर त्या मानाने कमी करा.

- ए-फोर आकाराचे साधे पांढरे कागद, साठेक. ठशासाठी पातळ कागदच लागतो, जाड ड्रॉइंग पेपरवर शिरा उमटत नाहीत.
- लाल रंगाचे ए-फोर कागद, पंधरा.
- मेणखडू आणि तैलखडू. पेट्या तशाच ठेवू नका. सगळे खडू बाहेर काढून पाच डब्यांत सारखे वाटा, पाच मुलांमागे एक डबा. लाल, तपकिरी आणि निळा प्रत्येक डब्यात जास्तीचा. भांडण याच तीन रंगांवरून होतं.
- बोथट टोकाच्या कात्र्या, सहा. डब्याच्या झाकणावर आकडा लिहा, म्हणजे मोजून परत घेता येतात.
- कांडीचा गोंद, पाच. बाटलीतला फेविकॉल नको.
- पानांची पुठ्ठ्यावर चिकटवलेली कार्डं (कृती पुढे दिली आहे).
- हिराच्या (माडाच्या पातीच्या शिरेच्या) काड्या, वीतभरापेक्षा थोड्या आखूड, टोकं बोथट केलेल्या, तीसेक.
- सुतळीचं एक भेंडोळं, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांचा एक संच.
- जुनी वर्तमानपत्रं, जुन्या सुती साडीचे फाडलेले तुकडे, कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी.
- एक जाड मार्कर. प्रत्येक कागदामागे नाव लिहायला.

हे सगळं कापडी पिशवीत घालून कपाटात टाकलं तर पावसाळ्यात कागदाला बुरशी येते आणि जमिनीलगतच्या कप्प्यात वाळवी लागते. कागद घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा आणि डबा पिशवीत. पिशवी वरच्या कप्प्यात. आणि कपाटाची किल्ली कुठे आहे, हे तुमच्याखेरीज आणखी एका माणसाला ठाऊक असू द्या. किल्ली तुमच्या पर्समध्ये आणि तुम्ही म्हापशाच्या दवाखान्यात, तर आतल्या सामानाचा काय उपयोग?

४. सोबतचे कागद

पिशवीच्या पुढच्या कप्प्यात एक फाइल ठेवा. तिच्यात हे हवं:

- दिवसाचं वेळापत्रक, माध्यान्ह आहाराची आणि हात धुवायला सोडायची वेळ धरून.
- वर्गाचा बसण्याचा नकाशा, प्रत्येक जागेवर मुलाचं नाव. "ए निळ्या रिबनवाली" असं कुणाला हाक मारून वर्ग चालत नाही.
- दोन मदतनीस मुलांची नावं. हुशार मुलंच निवडायला हवीत असं नाही. शांतपणे कागद वाटणारी निवडा.
- प्रत्येक पाठाचं एक पान टाचण.
- एक कोरं पान, बदली शिक्षकाने चार ओळी लिहून ठेवायला.

मुलांच्या तब्येतीच्या नोंदी, म्हणजे कुणाला दमा आहे, कुणाला फिट येते, या उघड्या फाइलीत ठेवू नका. त्या हेडमास्तरांकडे द्या आणि फाइलीत फक्त "तब्येतीबद्दल हेडमास्तरांना विचारा" एवढंच लिहा. दुपारी कोण कुणाबरोबर घरी जातं, हेही त्यांच्याकडेच.

आणखी एक. बदली शिक्षक सीमेपलीकडून आलेले असतील, तर पहिलीतलं मूल "टीचर, म्हाका तांबडो जाय" (मला लाल हवा) म्हणालं की ते क्षणभर गोंधळतात. फाइलीच्या आतल्या बाजूला रंगांचे ठिपके काढून पुढे मुलांच्या तोंडची नावं लिहा: तांबडो, पाचवो (हिरवा), हळदुवो (पिवळा), निळो, धवो (पांढरा), काळो. ज्या मुलांच्या घरी कन्नड किंवा हिंदी बोलतात त्यांनाही ठिपका दाखवला की पुरतं.

५. टाचण कसं लिहायचं

बी.एड., डी.एड. ला शिकवलेलं लांबलचक टाचण इथे नको. उद्दिष्टं, पूर्वज्ञान, मूल्यमापन हे सगळं तुमच्या वहीत असू द्या. बदली शिक्षक वर्गात शिरता शिरता जे वाचू शकतील तेवढंच लिहा, मोठ्या अक्षरात, एका बाजूला. माझ्या फाइलीतलं एक पान जसंच्या तसं देते:

पानांचे ठसे. इयत्ता १ ते ४. पाणी नाही, कात्री नाही.
सुरुवात: पाच-पाच मुलांचे गट करा. प्रत्येक गटाला एक खडूचा डबा, पाच पानकार्डं. प्रत्येक मुलाला एक पांढरा कागद.
सांगा: "कार्ड खाली, कागद वर. एका हाताने कागद घट्ट धरा. खडू आडवा धरा आणि घासा. काय दिसतं ते बघा."
दहा मिनिटांनी सांगा: "आता कार्ड शेजाऱ्याशी बदला. दुसरा रंग घ्या. पहिल्या पानावर थोडं चढू दे."
लवकर झालं तर: तिसरी-चौथीने पानांत लपलेला एक किडा किंवा पक्षी काढावा. पहिली-दुसरीने कागदाची रिकामी जागा एकाच रंगाने भरावी.
शेवटची सात मिनिटं: कागदामागे नाव. कार्डं मोजून परत, पंचवीस. चित्रं दोरीवर चिमट्याने.
करू नका: फळ्यावर पान काढू नका. मुलाच्या कागदावर स्वतः हात चालवू नका.

"सांगा" च्या पुढे अवतरणात वाक्यं दिली आहेत ती जशीच्या तशी म्हणण्यासाठी. अनोळखी वर्गात पहिल्या मिनिटाला काय बोलायचं हे तयार असलं की माणसाचा आवाज स्थिर राहतो, आणि मुलांना ते लगेच कळतं.

६. पाठ

पानांचे ठसे. वर टाचण दिलंच आहे, कार्डांची कृती तेवढी राहिली. पेरूचं आणि सागाचं पान सर्वांत चांगलं, कारण मागच्या शिरा ठसठशीत असतात. देशी बदाम आणि जास्वंदही चालतात. ताजं पान घासताना ओलं होऊन फाटतं, पूर्ण सुकलेलं पान मोडतं. म्हणून पान दोन दिवस वर्तमानपत्रात दाबा आणि शिरांची बाजू वर ठेवून जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर चिकटवा. वरून फेविकॉलचा पातळ हात द्या. वाळला की तो पारदर्शक होतो आणि कार्ड वर्षभर टिकतं. हे काम मे महिन्यात करून ठेवा, जूनमध्ये काहीच वाळत नाही. पाऊस नसेल तर मुलांना कागद-खडू घेऊन शाळेच्या गडग्यापाशी, म्हणजे चिऱ्यांच्या (जांभा दगडाच्या) कुंपणापाशी, नेता येतं. चिऱ्याच्या भोकांचा ठसा इतका सुंदर येतो की चौथीची मुलं तो पुढे आकाश किंवा समुद्राचा तळ म्हणून वापरतात.

कावी. गोवा आणि कोकणातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर तांबड्या-पांढऱ्या रंगातली चित्रं दिसतात, ती कावी. मोरजीच्या मोरजाई देवळातली बघण्यासारखी आहेत. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या मातीच्या रंगाचा, म्हणजे कावेचा, थर द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार अवजाराने कोरायचा. कोरलेल्या जागी खालचा पांढरा उघडा पडतो. वर्गात हेच खडूने करता येतं. खाली मेणखडूचा फिकट थर, त्यावर तपकिरी तैलखडूचा दाट थर, मग हिराच्या काडीने कोरकाम.

इथे तीन गोष्टी टाचणात लिहाच. एक, कागद हातात मावेल एवढाच द्या, ए-फोरचा एक चतुर्थांश. पूर्ण कागद दोन थरांनी भरेपर्यंत मुलांचा हात दुखतो आणि तास संपतो. दोन, खालचा थर पांढऱ्या खडूने द्यायला सांगितला तर पांढऱ्या कागदावर तो दिसत नाही, जागा सुटतात आणि तिथे कोरताना कागद फाटतो. पहिली-दुसरीला फिकट पिवळा द्या. मोठ्या मुलांना पांढरा द्या आणि कागद उजेडाकडे तिरपा धरून चमक बघायला शिकवा. तीन, मेणखडू खाली आणि तैलखडू वर, हा क्रम उलटा झाला तर काहीच सुटून निघत नाही. काय कोरायचं ते ठरवून द्या: चारी बाजूंनी नक्षीची पट्टी आणि मध्ये एक प्राणी. पट्टी सगळ्यांना जमते, मध्यभाग ज्याचा त्याचा. पावसाळ्यात सर्वांत चांगला चालणारा पाठ हाच.

कुणबी कापडाची चौकड. लाल-पांढरी चौकड मुलांनी आजीच्या अंगावर किंवा लोकनृत्याच्या पथकात बघितलेली असते. ए-फोरचा अर्धा पांढरा कागद मध्ये दुमडा. घडीच्या बाजूने दोन-दोन सेंटिमीटरवर काप द्या, पण उघड्या कडेच्या अंगठाभर अलीकडे थांबा. कागद उलगडला की उभे पट्टे तयार. आता दोन सेंटिमीटर रुंदीच्या लाल पट्ट्या आडव्या ओवायच्या: पहिली वर-खाली, दुसरी खाली-वर. एका लाल ए-फोरमधून वीस पट्ट्या निघतात, दोन मुलांना पुरतात. पहिली-दुसरीसाठी काप आणि पट्ट्या तुम्हीच आधी करून ठेवा. तिसरी-चौथी स्वतः कापेल, पण मग ओवणं पुढच्या तासावर जाईल, हे टाचणात स्पष्ट लिहा. नेहमी होणारा घोटाळा म्हणजे मूल उघड्या बाजूने कापत जातं आणि कागदाचे दोन तुकडे होतात. घडीच्या कडेवर लाल ठिपका देऊन ठेवा आणि "ठिपक्याकडून कापा" असं सांगायला लिहा.

निळ्या फरशा. पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशद्वारात निळ्या-पांढऱ्या फरशांवरची चित्रं आहेत, आणि तिथल्याच फोंतेनास या जुन्या वस्तीतून फिरताना घरांवर नावाच्या, नंबराच्या तशाच फरशा दिसतात. शाळेची सहल पणजीला गेली असेल तर मुलांना लगेच आठवतं. एका ए-फोरमधून साडेनऊ सेंटिमीटरचे सहा चौकोन काढून ठेवा. मूल चौकोन उभा-आडवा दुमडून उलगडतं, म्हणजे प्रत्येक कडेचा मध्य कळतो. मग प्रत्येक कोपऱ्याभोवती एका कडेच्या मध्यापासून शेजारच्या कडेच्या मध्यापर्यंत पाव वर्तुळ. मध्यात काहीही, पण फक्त निळ्या रंगात. भिंतीवर चार चौकोन जवळ लावले की पाव-पाव वर्तुळांचं एक पूर्ण वर्तुळ होतं. पंचवीस मुलांच्या फरशा एकत्र लागल्या की वर्गात "आणखी एक, आणखी एक" सुरू होतं. म्हणून चौकोन पन्नास तरी ठेवा. पहिलीला गोलाई जमत नाही, त्यांना मध्यापासून मध्यापर्यंत सरळ रेघ मारू द्या आणि त्यांची भिंत वेगळी लावा.

कागदाची माटोळी. चतुर्थीला गणपतीच्या वर फळं-पानं टांगून सजवतात ती चौकट म्हणजे माटोळी. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात कुठलीही शाळा रजेवर जाणाऱ्या शिक्षकाला ओरडते, पण रजा लागायची ती लागतेच. त्या दिवसांसाठी हा पाठ. एकत्र वर्गाला याच्यासारखा दुसरा पाठ नाही, कारण प्रत्येक इयत्तेला वेगळं काम मिळतं. पहिली वाटोळी फळं रंगवते, दुसरी आंब्याच्या डहाळीची पानं कापते, तिसरी-चौथी खरीखुरी माटोळी आठवून आंबाडे, तोरिंग, निरफणस, सुपारीचा घोस, दोडकं काढते आणि प्रत्येकाच्या मागे नाव लिहिते. ही नावं मुलं घरी आजोबांना विचारून आणतात आणि आपल्यालाही माहीत नसलेलं एखादं रानफळ वर्गात येतं. खिडकीच्या गजांना सुतळी बांधून त्यावर चिमट्यांनी लावा. छताला बांधायचा मोह नको, बाकावर चढलेलं मूल पडतं. वर्गात वेगवेगळ्या घरांतली मुलं असतात, तेव्हा हाच पाठ वर्षात केव्हाही "आपल्या रानातली फळं" म्हणून घेता येतो.

सणांच्या निमित्ताने झटपट होणारे आणखी: २४ जूनच्या सांजांवला कागदाच्या पट्टीवर पानं चिकटवून डोक्यावरचा कोपेल, म्हणजे मुकुट (टाचणी किंवा स्टेपल नको, चिकटपट्टी लावा), दिवाळीच्या आधी दुमडलेल्या काळ्या कागदातून कापलेला नरकासुराचा मुखवटा, शिगम्याच्या दिवसांत रोमटामेळाच्या मिरवणुकीतले रंगीत झेंडे.

आणि पिशवीच सापडली नाही तर? वहीचं पान आणि पेन्सिल पुरते. तिसरी-चौथीला सांगा, डावा हात बाकावर ठेवा, नजर हातावरच ठेवा, कागदाकडे न बघता हळूहळू त्याची कड काढा. खोली शांत होते. लहानांना चित्र बघण्याचा तास द्या. घरात जुने दिवाळी अंक असतील तर त्यांची चार मुखपृष्ठं फाइलीत घालून ठेवा. १९१६ साली मडगावात जन्मलेल्या चित्रकार दीनानाथ दलालांचं एखादं त्यांत मिळालं तर उत्तमच. "या बाईने आत्ता काय केलं असेल? पुढे काय करेल?" एवढ्या दोन प्रश्नांवर पहिलीचा वर्ग पंधरा मिनिटं बोलतो.

७. सांभाळण्याच्या गोष्टी

पानं, बिया आणायला सांगितल्या की मुलं रस्त्यात दिसेल ते आणतात. फाइलीत ठळक लिहा: कण्हेर नको, विषारी आहे. रुईचा चीक डोळ्याला लागतो. आंब्याच्या कोवळ्या देठाच्या चिकाने त्वचा भाजते. चिकटचित्रासाठी लाल-काळी गुंज कुणी आणली तर लगेच काढून घ्या, ती चावली गेली तर जिवावर बेतू शकतं. मार्च ते मे काजूचा हंगाम. कच्च्या बियांची बाहुली करू म्हणून मुलं खिसे भरून आणतात. टरफलातल्या तेलाने हाताला फोड येतात. काजूची बी वर्गात नको, खेळण्यातही नको.

स्पर्धा लावू नका. "पहिला नंबर कोणाचा?" हा प्रश्न बदली शिक्षकाच्या तोंडून सहज निघतो, कारण वर्ग शांत ठेवायला तो सोपा वाटतो. निकाल लागताक्षणी एक मूल खूश आणि चोवीस हिरमुसलेली, आणि तुम्ही परत आल्यावर तक्रारी तुमच्याकडे. टाचणाच्या शेवटी मी लिहिते: "सगळी चित्रं लावा. निवड करू नका."

थर्माकोल, चमकी आणि फुगे मी पिशवीत ठेवत नाही. चमकी डोळ्यांत जाते आणि पुढचे आठ दिवस जेवणाच्या डब्यांत सापडते.

कात्रीचा पाठ माध्यान्ह आहाराच्या आधीच्या तासाला ठेवू नका. भुकेली मुलं घाई करतात. जेवणानंतरच्या सुस्त तासाला विणकाम बरं.

८. तुम्ही बदली शिक्षक असाल तर

वर्गशिक्षकाने काही ठेवलं नसेल हे गृहीत धरूनच जा. वर दिलेल्या पाठांपैकी एक, पानांचे ठसे किंवा फरशा, स्वतःच्या पिशवीत कायम ठेवा. शाळेत पोचल्यावर आधी हेडमास्तरांना भेटा, कपाट आणि पाणी कुठे ते विचारा आणि तासाआधी कागद गटवार मोजून ठेवा. मुलांना तुमचं नाव सांगा. "तुमच्या बाई येईपर्यंत हे चित्र भिंतीवर लागेल" एवढं सांगितलं की मुलांचा हात मनापासून चालतो.

मूल कागद घेऊन "बरोबर आहे?" विचारत आलं तर "छान" म्हणून परत पाठवू नका. दिसतं ते सांगा: "इथे तू तपकिरी किती दाबून दिला आहेस" किंवा "ही दोन पानं एकमेकांवर आली आहेत." ते मूल पुन्हा बसून पुढे काम करतं. मी हे अनेक वर्गांत पाहिलं आहे.

काही शाळांत बदली शिक्षकाला चित्रकलेच्या तासाला गृहपाठ तपासायला बसवतात. एका ठिकाणी तर खडूच द्यायला नकार मिळाला होता. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा आपली पिशवी उघडलेली बरी. तास होऊन चित्रं दोरीवर लागली की पुढच्या वेळी कुणी अडवत नाही.

९. परत आल्यावर

आल्या दिवशी आधी चित्रं बघा, मुलांच्या देखत. प्रत्येक कागदामागे तारीख घाला आणि आठवडाभराने ती मुलाच्या फाइलीत लावा. पालकसभेला हीच फाइल कामाला येते. मग ते कोरं पान वाचा. "सूचना दोन समजली नाही", "कात्र्या पाचच मिळाल्या", "पहिलीला दहा मिनिटांत झालं" अशा नोंदींवरून टाचणात त्याच दिवशी फेरफार करा, उद्यावर टाकलं की राहतं. एखाद्या पाठात दोन वेळा गोंधळ झाला असेल तर तो काढून टाका आणि दुसरा घाला.

पिशवी चतुर्थीच्या सुट्टीआधी एकदा आणि दिवाळीनंतर शाळा सुरू झाल्यावर एकदा पूर्ण रिकामी करून पुन्हा भरा. दमट झालेले कागद उन्हात टाका, तुटलेले खडू ठशांसाठी वेगळ्या डब्यात घाला, ठशाला तुकडेच बरे पडतात. लाल आणि तपकिरी खडू संपलेले असणारच. त्यांची मागणी शाळेच्या साहित्याच्या यादीत लिहून हेडमास्तरांकडे द्या, किंवा पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीत मांडा.